चंदाचे दोन व

चंदा बोलायला लागली की वॉर्डातले पेशंट तिच्या बाजूला कूस बदलायचे. ती सलाइन लावत असो, चादर बदलत असो, नाहीतर दाराशी उभी राहून सफाईच्या मावशींशी चहावरून हुज्जत घालत असो, सगळ्यांचे कान तिच्याकडे. मी पलीकडच्या रांगेत बीपी घेत असायचे, आणि ज्याच्या दंडाला मी पट्टा गुंडाळलाय तो माझा पेशंटसुद्धा मान वळवून तिच्याकडे बघत हसत असायचा.

तळेगावच्या एका खासगी हॉस्पिटलात आम्ही दोघी नर्स होतो. मी कार्ल्याची. वडील रेल्वेत क्लार्क होते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देवघराची जागा पुस्तकांच्या कपाटाने घेतलेली. बाबा सकाळी चहाच्या आधी माझ्याकडून इंग्रजी क्रियापदांची रूपं म्हणून घ्यायचे. गो, वेंट, गॉन. चूक झाली की चहा थांबायचा. त्यामुळे इंग्रजी ही माझी मालमत्ता आहे, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

चंदा पवना धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. वडील धरणात मासे धरायचे, जमेल तेव्हा मजुरीला जायचे. आई काठावरच्या एका तंबूवाल्याकडे भाकऱ्या भाजायची. चंदा आश्रमशाळेत शिकली. तिथे इंग्रजीच्या सरांची जागा रिकामी, म्हणून त्या तासाला पोरं झाडाखाली बसून गाणी म्हणायची. पुढे नर्सिंगला आली ती सरकारी वसतिगृहात राहून. तिचं इंग्रजी म्हणजे औषधांची नावं आणि आईबरोबर तंबूंवर जाताना पुण्या-मुंबईच्या पर्यटकांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं.

माझ्या हेव्याची पहिली ठिणगी कधी पडली ते मला चांगलं आठवतं. आंबीच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक पोलंडचा इंजिनिअर डेंग्यूने आमच्याकडे दाखल झाला होता. त्याच्याशी बोलायला मेट्रननी मला पाठवलं, कारण स्टाफमध्ये माझं इंग्रजी चांगलं हे सगळ्यांना मान्य होतं. मी युनिफॉर्म नीट केला आणि विचारलं, "हॅव यू पास्ड मोशन, सर?" तो गोंधळून आपल्या हाताकडे आणि सलाइनच्या नळीकडे बघायला लागला. म्हणाला, "नो मोशन. आय कॅन नॉट मूव्ह. यू टाइड मी." मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. त्याने आज्ञाधारकपणे पाय हलवून दाखवले.

चंदा ट्रे घेऊन चालली होती. थांबली, कमोडवर बसल्यासारखी जराशी वाकली आणि म्हणाली, "टॉयलेट? बिग वन? येस? नो?" तो माणूस चार दिवसांत पहिल्यांदा हसला. "नो बिग वन," म्हणाला. "फोर डेज नो बिग वन." मग ती म्हणाली, "ओ, पुअर यू!" हे ती कुठल्यातरी पर्यटक बाईकडून शिकली असणार, पण अगदी त्या बाईच्या सुरात म्हणाली. त्या दिवसापासून तो बेल वाजवायचा आणि मी गेले की विचारायचा, "व्हेअर इज पुअर-यू सिस्टर?"

माझं वाक्य व्याकरणात चुकीचं नव्हतं. बाबांना घरी येऊन विचारलं, त्यांनीही बरोबर म्हणून सांगितलं. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास नर्सेसना आयर्लंडला जाण्याची वाट मोकळी झाली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, चारही भागांत ठरलेली श्रेणी हवी. लोणावळ्यात लिसी मॅडम तिची तयारी करून घ्यायच्या. त्या मूळ केरळच्या. आयर्लंडमध्ये बरीच वर्षं नर्स होत्या, मग नवऱ्याला दम्यासाठी लोणावळ्याची हवा मानवली म्हणून इथेच राहिल्या. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत शनिवार-रविवारी क्लास असे. मी नाव घातलं, आणि पुढच्याच शनिवारी कार्ला फाट्यावर बसमध्ये चढले तर खिडकीशी चंदा. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरलेली. माझ्यासाठी.

"तू नाव घातलंस असं मेट्रन म्हनल्या," ती म्हणाली. "मग मीबी घातलं. तुला जमंल ते मला का न्हाई जमणार?"

बसभर ऐकू जाईल अशा आवाजात तिने हे विचारलं. मला तिच्या या स्वभावाची सवय व्हायला फार वेळ लागला. मनात आलं की तोंडात. विशेषतः हेवा. तो तर ती वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला उघडपणे देऊन टाकायची. डॉक्टरांना म्हणायची, "सर, तुमच्या बुटांवर मी लय जळती." मेट्रनना म्हणायची, "मॅडम, तुमी ओरडल्या की कोन उलटं बोलत न्हाई. मला तसं पायजे." लोक हसायचे, आणि गंमत म्हणजे खूश व्हायचे.

एकदा क्लासमध्ये माझी वही पुढे ओढून, माझा निबंध वाचून झाल्यावर तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "प्रज्ञा, आय ॲम जेलस ऑन यू."

"ऑन नाही. ऑव्ह," मी म्हटलं.

"का? तुज्यावर जळती. वर म्हंजी ऑन."

"इंग्रजीत जेलस ऑव्हच म्हणतात."

ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "मग त्या लोकास्नी नीट जळता येत नसंल."

लिसी मॅडम हसून हसून खुर्चीत मागे झुकल्या. मी हसले नाही. मी बरोबर होते आणि हशा तिला मिळाला होता.

लिसी मॅडमनी आमच्या जिभा पहिल्या महिन्यातच सोलून काढल्या. त्यांचं मराठी त्यांच्या मर्जीने चाले. "तुमच्या लोकांना एकच व आहे," त्या म्हणायच्या. "इंग्लिशला दोन आहे. एक दातवाला, एक ओठवाला. 'वेट' बोलला तर मला समजला पाहिजे, वजन की व्हेटरनरी डॉक्टर." व्हेरी म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, वेल म्हणताना ओठांचा चंबू. दोन्ही पाठोपाठ म्हणायचे. आम्ही सगळे खोलीत शिट्ट्या वाजवल्यासारखं तोंड करून बसायचो आणि खालच्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची.

मला नियम लगेच कळला. चंदाला आवाज लगेच आला. हा फरक मला तेव्हा समजला नाही, फक्त टोचला.

एका रविवारी क्लासनंतर ती मला घरी घेऊन गेली. कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो आणि चंदाने सराव सुरू केला. व्हेरी वेल. व्हेरी वेट. समोर बसलेले एक आबा बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पोरी, दात दुखतोय का गं?"

"न्हाई आबा. इंग्रजी व हाय. त्यांच्यात दोन अस्त्यात."

"दोन?" आबांनी विचार केला. "आन आपल्यात?"

"एकच."

"पुरला की आपल्याला," आबा म्हणाले. "कुटं अडलं न्हाई."

पण उतरेपर्यंत आबाही खालचा ओठ दातांखाली धरून बघत होते आणि जीपवाला आरशातून. चंदाने सगळ्या जीपला दोन व शिकवले. मी खिडकीबाहेर धरणाच्या पाण्याकडे बघत बसले. मला जीपमध्ये कुणी काही विचारलं नव्हतं.

घर एका चढावर होतं. मातीच्या भिंती, वर पत्रा. तिची आई चुलीपुढे बसली होती, बाई बारीक आणि बोलायला चंदाइतकीच मोकळी. तिने चंदाच्या ताटात गरम भाकरी टाकली. चंदा म्हणाली, "थँक्यू, आई."

आईचा हात तसाच राहिला. "आता गं काय झालं? मी काय परकी हाय का?"

"तितं म्हनावं लागतं. पानी दिलं तरी. सवय करती."

"मग तितं म्हन. हितं भाकर खा."

पुढची भाकरी आली तेव्हा चंदा गप्प राहिली. पण तिचे ओठ हलले, ते मी पाहिलं. आईनेही पाहिलं आणि ती चुलीकडे तोंड फिरवून हसली. निघताना मी तिच्या हातातला पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला, तर मागून आवाज आला, "थँकू बरं का, बाय."

बाबांनी मला इतकं शिकवलं, पण आमच्या घरात माझ्या इंग्रजीवर कुणी असं हसलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मला त्या चुलीचासुद्धा हेवा वाटत राहिला.

चंदाचं लिखाण मात्र भयंकर होतं. अ आणि द ही इंग्रजी उपपदं ती मीठ टाकल्यासारखी वाक्यात टाकायची, हाताला येईल तिथे. पहिल्या परीक्षेला आम्ही पुण्याला बरोबर गेलो, आणि निकाल लागला तेव्हा दोघींना बाहेरची वाट दाखवली होती. तिला बोलण्यात वरची श्रेणी, लिहिण्यात नापास. माझं उलटं. लिहिण्यात माझे मार्क क्लासमध्ये सगळ्यांत जास्त होते आणि बोलण्यात मी काठावर घसरले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसली. "तुजं व्याकरन मला दे," ती म्हणाली. डबा मागावा तसं.

मी तिला शिकवायला लागले. पहिल्यांदा उल्लेख झाला तर अ, ओळख झाली की द, हा नियम मी पुस्तकातला होता तसा सांगितला. तिने डोळे मिटून ऐकला. मग म्हणाली, "म्हंजी पाड्यावर पहिल्यांदा मानूस आला तर तो अ मॅन. कुत्री भुंकनार. दुसऱ्यांदा आला की द मॅन. कुत्री गप."

मी तो नियम शाळेत, कॉलेजात आणि क्लासमध्ये पाठ केला होता. माझ्या डोक्यात कधी कुत्री आली नव्हती. मी "हो, तसंच" एवढंच म्हणाले. पण त्यानंतर इंग्रजी लिहिताना मला दर द च्या आधी क्षणभर भुंकणं ऐकू येतं, आणि तो आवाज चंदाचा आहे हे काही केल्या विसरता येत नाही.

बोलण्याच्या परीक्षेत एक प्रसंग वठवावा लागतो. आपण नर्स, समोरचा परीक्षक पेशंट किंवा नातेवाईक. दुसऱ्या परीक्षेच्या थोडं आधी लिसी मॅडमनी एक अवघड प्रसंग दिला. त्या एका वृद्ध बाईची मुलगी झाल्या. आईला भेटायला आल्यात, आणि आई तासाभरापूर्वी गेली आहे. नर्सने सांगायचं.

मी आधी उठले. मला सगळी वाक्यं येत होती. "आय ॲम अफ्रेड आय हॅव सम व्हेरी सॅड न्यूज" पासून "प्लीज ॲक्सेप्ट माय डीपेस्ट कंडोलन्सेस" पर्यंत एकही शब्दयोगी अव्यय चुकलं नाही. व्हेरीच्या व साठी मी दात ओठांवर टेकवले होते. मॅडमनी मान डोलावली आणि चंदाला खूण केली.

चंदा समोर आली. मॅडम ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, "व्हेअर इज माय मदर? हर बेड इज एम्टी."

 चंदाने एक खुर्ची ओढली. "प्लीज सिट," म्हणाली. मग दुसरी खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. "आय विल ऑल्सो सिट." टेबलावरचा मॅडमचाच पाण्याचा ग्लास उचलून तिने त्यांच्या हातात दिला आणि त्या घोट घेईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "युवर मदर... शी इज नॉट हिअर नाऊ. आय वॉज विथ हर. शी वॉज नॉट अलोन."

मॅडमनी पुढचं वाक्य म्हटलं नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून त्या खाली बघत राहिल्या.  मग त्यांनी आम्हाला सांगितलं की त्यांची आई कोट्टायमला वारली तेव्हा त्या आयर्लंडमध्ये नाइट ड्युटीवर होत्या. वॉर्डातला फोन वाजला आणि त्यांना उभ्याउभ्या कळलं. "कोणी बसायला सांगितला नाही," त्या म्हणाल्या.

जाताना जिन्यात मी चंदाला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"शिकवायला काय? आमच्या पाड्यावर पानी दिल्याबिगर अशी खबर सांगतच न्हाईत," ती म्हणाली, आणि लगेच, "ते डीपेस्ट कायतरी म्हनालीस ना, ते मला लिहून दे. लय भारी होतं."

तिला खरंच ते भारी वाटलं होतं. मला वाटायचं की ती मला बरं वाटावं म्हणून बोलते. पण चंदा असं काही करत नसे.

जिना उतरण्याआधी मॅडमनी मला मागे थांबवलं होतं. म्हणाल्या, "प्रज्ञा, तू पेशंटचा ऐकत नाही. तू आपला व्याकरण ऐकतो. समोर आई मेला, आणि तू बघतो व बरोबर आला का." त्या रागावल्या नव्हत्या. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या परीक्षेत चंदा चारही भागांत पास झाली. लिहिण्यात अगदी ठरलेल्या रेषेवर. मी पुन्हा बोलण्यात राहिले. निकाल मोबाइलवर आला तेव्हा आम्ही दोघी वॉर्डातच होतो. तिने आधी माझा पाहिला, मग स्वतःचा. आणि काही ओरडायच्या ऐवजी तिने माझ्या हातातला औषधांचा ट्रे काढून घेतला आणि माझी राहिलेली फेरी पूर्ण केली. मी स्टोअररूममध्ये जाऊन ग्लोव्हजच्या खोक्यांवर बसले. तिच्या मोठेपणाचाही मला राग आला. ती जर नाचली असती तर मला तिला नावं ठेवता आली असती.

पुढचे महिने कागदपत्रांत गेले, तिचे. स्टाफने निरोपाला केक कापला. मेट्रननी भाषण केलं. तो पोलंडचा इंजिनिअर आंबीतच होता अजून, तो फुलं घेऊन आला आणि त्याने तिला "पुअर-यू सिस्टर" म्हणून हाक मारली. मी फोटो काढले. फोटो काढणाऱ्याला फोटोत हसावं लागत नाही.

निघायच्या दिवशी तिच्या गावची जीप तिला विमानतळावर घेऊन चालली होती. वाटेत कार्ला फाट्यावर तिने ती मला भेटायला थांबवली. आत आई, वडील, मावश्या, चुलते, सगळा पाडा कोंबलेला. चंदा एकटी उतरली. नवीन कोट घालून, उन्हात. कपाळावर घाम, कुंकू त्यात ओघळलेलं. वडापावच्या गाडीशेजारी आम्ही उभ्या राहिलो.

"प्रज्ञा, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तू माज्यावर जळतीस का न्हाई?"

रस्त्यावरून बस गेली, ट्रक गेले. मला तिला म्हणायचं होतं की छे, काहीतरीच काय. वाक्य तयार होतं. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती खरंच वाट बघत होती.

"जळते," मी म्हटलं. "त्या पोलंडच्या माणसापासून जळते. तुझ्या कुत्र्यांवर जळते, तुझ्या आईवर जळते. आज तर या कोटावरसुद्धा."

चंदाने एवढा मोठा श्वास सोडला की वडापाववाल्याने वळून पाहिलं. "बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "मी इतक्यांदा तुला सांगितलं, तू एकदाबी उलट सांगितलं न्हाईस. मला वाटायचं, हिच्या नजरंत मी कुनीच न्हाई." आणि तिने मला घट्ट मिठी मारली. जीपमधून तिची आई ओरडली, "अगं, इमान जाईल!"

माझा हेवा त्या दिवशी विरघळला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो तसाच आहे. फक्त आता आम्ही त्याबद्दल फोनवर बोलतो. ती सांगते की तिथल्या एका म्हातारीने तिला घरची चावी दिली, मी सांगते की मला राग आला, ती खुशीत हसते. मी अजून लिसी मॅडमकडे जाते. आता खुर्ची ओढायला शिकले आहे, निदान खुर्ची तरी.

गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली तेव्हा मी पाड्यावर गेले होते. तिचा परतीचा दिवस होता. अंगणात उभी राहून ती फोनवर तिकडच्या कुणाशी तरी बोलत होती, इतकं भरभर की मला मधलेमधले शब्दच पकडता येत होते. बोलणं संपवून ती घरात आली, वर आढ्याकडे हात केला आणि आईला म्हणाली, "आई, ते काड ना... ते... त्याला काय म्हनत्यात गं?"

आढ्याला सुकट ठेवलेलं शिंकं टांगलेलं होतं. मांजरापासून दूर. चंदा हात वर करून तशीच उभी राहिली. शब्द येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितला नाही, कारण मी तिच्याकडे बघण्यात गुंतले होते. एखादी भाषा अंगात एवढी मुरावी की आपल्या घरातला शब्द क्षणभर बाजूला सरावा. ते तिला झालं होतं. मला कधी होणार?

"शिंकं!" आई म्हणाली. "चार दिस कुटं गेली तर शिंकं इसरली."

आईने शिंकं खाली घेतलं, सुकट वर्तमानपत्रात गुंडाळलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर आणखी एक, आणि पुडकं चंदाच्या बॅगेत कोटाखाली दाबून बसवलं. सगळं घर वासाने भरलं.

"आई, हे नेऊ देत न्हाईत. विमानतळावर काढून टाकत्यात."

"कोन?"

"तिथली लोकं. कायदा हाय त्यांचा."

आईने बॅगेची चेन ओढून लावली. "मग बोल की त्यांच्याशी. एवढं इंग्रजी शिकलीस ते कशाला?"

चंदाने तोंड उघडलं. वॉर्डात, क्लासमध्ये, जीपमध्ये, मी तिला कधी उत्तराशिवाय पाहिलं नव्हतं. तिने वाकून बॅग उचलली आणि खांद्याला लावली. उतरणीवर जीपचा हॉर्न वाजत होता. ती पुढे, आई मागे, आणि मागे उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत त्या सुकटाचा वास बराच वेळ येत राहिला.